अंगठी आणि हिशोब : दक्षिण कोरियाचा १९९८चा हिवाळा

दक्षिण कोरियात मूल एक वर्षाचे झाले की नातेवाईक त्याला सोन्याची इवलीशी अंगठी देतात. तिला ‘डोल-बांजी’ म्हणतात. तिचे वजनही रूढीने ठरलेले आहे : एक डोन, म्हणजे पावणेचार ग्रॅम. मूल ती क्वचितच घालते. आई ती डबीत जपून ठेवते, मूल मोठे होते, अंगठी तेवढीच राहते. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली, पण मोडायची वेळ कधी येऊ नये असे प्रत्येक आईला वाटणारी ही चीज. १९९८च्या जानेवारीत अशा अंगठ्या घराघरांतून बाहेर निघाल्या. त्यांच्याबरोबर लग्नातल्या अंगठ्या, साखळ्या, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सोन्याच्या शुभचिन्हाच्या किल्ल्या आणि खेळाडूंची पदकेही निघाली. कडाक्याच्या थंडीत माणसे हे सारे घेऊन बँकांच्या दारात रांगेने उभी राहिली. देशाकडे परकीय चलन जवळजवळ उरले नव्हते आणि सोने विकून डॉलर मिळणार होते.

ही गोष्ट देशभक्तीचा नमुना म्हणून जगभर सांगितली जाते. तशी ती आहेच, आणि मला ती आजही हलवून जाते. पण हे प्रकरण जवळून पाहिले तर त्यात नागरिकांच्या जबाबदारीची दोन वेगवेगळी रूपे दिसतात. पहिल्या रूपाची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत. दुसऱ्या रूपाची फारशी कोणी काढली नाहीत. देशाचे पुढचे दिवस कशावर उभे राहतात हे समजून घ्यायचे तर दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवीत.

गंगाजळी आटली

डिसेंबर १९९६मध्ये दक्षिण कोरिया आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा, म्हणजे ‘ओईसीडी’चा सदस्य झाला. श्रीमंत देशांच्या पंक्तीत पान मांडले गेले, असे लोकांना वाटले. त्यानंतर एक वर्षही धड गेले नाही. जानेवारी १९९७मध्ये हान्बो ही पोलाद कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. तिला वशिल्यावर आणि लाच घेऊन कर्जे दिली गेली होती, हे पुढे चौकशीत उघड झाले. उन्हाळ्यात किया ही मोटार कंपनी डगमगली. २ जुलैला थायलंडने आपले चलन मोकळे सोडले आणि आशियातल्या गुंतवणूकदारांची घबराट सुरू झाली.

कोरियातले मोठे उद्योगसमूह, ज्यांना तिथे ‘चेबोल’ म्हणतात, कर्जावर वाढले होते. वर्षाअखेरीस पहिल्या तीस समूहांचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या भांडवलाच्या पाचपटींहून जास्त होते. या कर्जाला पैसा पुरवणाऱ्या बँका परदेशातून थोड्या मुदतीची डॉलर कर्जे उचलत आणि इथे लांब मुदतीच्या कारखान्यांत घालत. परदेशी बँका जोवर दर तीन-सहा महिन्यांनी कर्जाची मुदत वाढवून देत होत्या तोवर गाडा चालला. शरद ऋतूत त्यांनी हात आखडता घेतला.

वोन या कोरियन चलनाची घसरण झाली ती अशी : १९९७च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ८५० वोन पडत होते, डिसेंबरात तो आकडा १,९००च्या पुढे गेला. मध्यवर्ती बँकेकडे तातडीने वापरता येईल असे परकीय चलन १८ डिसेंबरला अवघे ३९० कोटी डॉलर उरले होते. २१ नोव्हेंबरला सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागत असल्याचे जाहीर केले. ३ डिसेंबरला करार झाला. जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि इतर देशांचा वाटा धरून मदतीचा एकूण आकडा सुमारे ५,८०० कोटी डॉलर होता. अटी कडक होत्या. व्याजदर २० टक्क्यांच्या पलीकडे गेले. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती, म्हणून कोणीही निवडून आला तरी करार पाळला जाईल अशी लेखी हमी तिन्ही प्रमुख उमेदवारांकडून घेतली गेली. मतदान व्हायच्या आधीच पुढच्या सरकारचे हात बांधले गेले होते.

तिथल्या वृत्तपत्रांनी कराराच्या त्या दिवसाला ‘दुसरा राष्ट्रीय अपमानदिन’ म्हटले. पहिला अपमानदिन म्हणजे २९ ऑगस्ट १९१०, जपानने कोरिया गिळंकृत केल्याचा दिवस. हे शब्द कोरियन कानांना किती झोंबले असतील ते समजल्याशिवाय पुढची रांग समजत नाही.

पावती

सोने गोळा करण्याची कल्पना वरून, सरकारी फर्मानाने आली नाही. गावपातळीवरच्या महिला मंडळांनी १९९७ संपण्याआधीच अंगठ्या गोळा करायला सुरुवात केली होती. ५ जानेवारी १९९८पासून केबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीने मोहीम हाती घेतली आणि बँकांच्या शाखा हे संकलनाचे ठिकाण झाले. पहिल्या दोन दिवसांतच सुमारे १० टन सोने जमल्याचे सांगितले गेले. बेसबॉलपटू ली जोंग-बोमने आपल्या कारकिर्दीत मिळवलेली सोन्याची पदके आणि स्मृतिचिन्हे दिली. सोलचे कार्डिनल किम सू-ह्वान यांनी गळ्यातला सोन्याचा क्रूस दिला.

पण पदके आणि क्रूस यांच्यापेक्षा मला बँकेच्या काउंटरवरचा व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. रांगेतल्या माणसाने दागिना पुढे ठेवला की पारखी त्याचा कस पाही, वजन करी, आणि त्या माणसाला पावती मिळे. नंतर दागिने वितळवून त्यांच्या लगडी केल्या जात, व्यापारी कंपन्या त्या निर्यात करत, डॉलर देशात येत. मग आंतरराष्ट्रीय भाव आणि विनिमय दर यांच्या हिशोबाने त्या माणसाच्या खात्यात वोन जमा होत. काहींनी सोने सरळ दान केले, पण बहुतेकांनी ते विकले, पैसे नंतर मिळतील या भरवशावर.

ही मोहीम ‘दाना’ची म्हणून सांगितली जाते तेव्हा हा तपशील गळून पडतो. माझ्या मते मोहिमेची खरी ताकद त्यातच होती. सरकारने लोकांकडे त्यांची पुंजी फुकट मागितली नाही. ‘तुमच्याकडे सोन्याच्या रूपात जे पडून आहे ते वोनमध्ये घ्या, डॉलर देशाला मिळू द्या,’ एवढेच मागणे होते. ज्याच्या घरात दोन महिन्यांनी नोकरी जाणार होती, त्यालाही हे परवडण्यासारखे होते. वोन पडल्यामुळे सोन्याला वोनमध्ये भाव बरा मिळत होता, हेही खरे. तरीही हातातली वस्तू आज देऊन कागद घेऊन घरी जायचे, तेही ज्या बँका बुडताहेत असे रोज वाचायला मिळत होते त्यांच्याकडून, हा भरवसा साधा नव्हता. त्या डिसेंबरात १४ मर्चंट बँकांचे व्यवहार स्थगित झाले होते. लोकांचा विश्वास बँकांवर नव्हता. तो एकमेकांवर होता : रांगेत पुढे उभा असलेला माणूसही आपल्यासारखाच देतो आहे, आणि काय दिले ते लिहिले जाते आहे.

मोहीम वसंताच्या सुमाराला थांबली तेव्हा सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोने दिले होते. सरासरी काढली तर माणशी सुमारे ६५ ग्रॅम. म्हणजे डोल-बांजीच्या हिशोबात सतरा अंगठ्या. लोक एखादी अंगठी टाकून मोकळे झाले नव्हते, घरातली डबी रिकामी करून आले होते.

त्याच महिन्यांत शाळांमधून, मोहल्ल्यांतून ‘आनाबादा’ हा शब्द सगळीकडे झाला. काटकसर करा, वाटून वापरा, अदलाबदल करा, पुन्हा वापरा, या चार कोरियन शब्दांची आद्याक्षरे जोडून तो बनवला होता.

तंबाखू सोडलेले देगू

या रांगेला पूर्वज होता. फेब्रुवारी १९०७मध्ये देगू शहरात एक चळवळ सुरू झाली. जपानने कोरियाच्या दरबारावर लादलेले कर्ज १ कोटी ३० लाख वोनवर गेले होते. राज्याच्या खजिन्यातून ते फिटणे शक्य नव्हते आणि ते फिटले नाही तर देश जाणार हे उघड दिसत होते. सो सांग-दोन आणि किम ग्वांग-जे यांनी एक साधे गणित मांडले. देशात दोन कोटी माणसे आहेत. तीन महिने तंबाखू सोडली तर महिन्याला २० जोन वाचतात (शंभर जोन म्हणजे एक वोन). तीन महिन्यांचे ६० जोन, दोन कोटींनी गुणले की १ कोटी २० लाख वोन. कर्ज जवळजवळ फिटलेच.  बायकांनी आपणहून अंगठ्या आणि केसांतल्या पिना काढून दिल्या.

हे गणित वाचताना मी दर वेळी थांबतो. दोन कोटींपैकी प्रत्येक जण, तान्ही मुलेसुद्धा, तंबाखू ओढत असल्यासारखा हिशोब आहे. आकड्यात चूक आहे, पण मनोवृत्तीत नाही. राज्याचे कर्ज प्रत्येकाच्या खिशातल्या २० जोनांपर्यंत आणून ठेवता येते, हे इथे पहिल्यांदा कोणीतरी सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले होते. कोणी सरदार, कोणी सावकार येऊन सोडवील याची वाट पाहिली नव्हती.

चळवळ फसली. ती दडपशाहीने फसली, पण ज्या हत्याराने तिच्यावर घाव घातला ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. निधीच्या कामात असलेले पत्रकार यांग गी-ताक यांना जपानी सत्तेने १९०८मध्ये अटक केली आणि आरोप ठेवला तो अफरातफरीचा. पुढे ते निर्दोष सुटले. तोपर्यंत लोकांच्या मनात संशय पेरला गेला होता आणि वर्गणीचा ओघ आटला होता. लोकांचा त्याग मोडायला तुरुंगाची गरज पडली नाही, हिशोबावरचा भरवसा मोडला की पुरे झाले. त्या चळवळीची कागदपत्रे २०१७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आली. चळवळीनंतर नव्वद वर्षांनी बँकेच्या काउंटरवर वजन करून पावती देणाऱ्यांना हा इतिहास शाळेत शिकवलेला होता.

सोन्याने देश वाचला का?

सोने विकून साधारण २१३ कोटी डॉलर आले. ५,८०० कोटींच्या मदतीशी ताडून पाहिले तर चार टक्केही नाहीत. डॉलरची निकड खरी सैल झाली ती जानेवारी १९९८च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये. तिथे परदेशी बँकांनी सुमारे २,४०० कोटी डॉलरची अल्पमुदतीची कर्जे एक ते तीन वर्षांच्या मुदतीवर नेण्याचे मान्य केले, कोरियन सरकारच्या हमीवर. स्वस्त झालेल्या वोनमुळे निर्यात वाढली आणि आयात कोसळली, त्यातून पुढच्या महिन्यांत चलन साठत गेले. नाणेनिधीकडून प्रत्यक्ष उचललेले १,९५० कोटी डॉलर २३ ऑगस्ट २००१ रोजी पूर्ण फिटले, मुदतीच्या जवळजवळ तीन वर्षे आधी.

तेव्हा ‘सोन्याने देश वाचवला’ हे वाक्य हिशोबात बसत नाही. मग रांग व्यर्थ होती का? मला तसे वाटत नाही. न्यूयॉर्कमधल्या वाटाघाटी चालू असतानाच या रांगांची दृश्ये जगभर दिसत होती. या देशातले लोक कर्ज बुडवणार नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणताही अर्थमंत्री देऊ शकला नसता. त्याचे मोल डॉलरमध्ये काढता येत नाही आणि मी काढणारही नाही. देशाच्या आत झालेला परिणाम मात्र मला अधिक खोल वाटतो, आणि तो दुधारी होता.

एका बाजूने, संकट ‘त्यांचे’ न राहता ‘आपले’ झाले. जानेवारीच्या मध्यावर सरकार, मालक आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती बसली आणि ६ फेब्रुवारीला समझोता झाला. कामगार संघटनांच्या प्रतिनिधींनी कामगार कपातीला कायदेशीर वाट देण्याचे मान्य केले. एका महासंघात तर सदस्यांनी आपल्याच नेत्यांचा हा निर्णय नाकारला, तरी कायदा झाला. कोरियात नोकरी म्हणजे आयुष्यभराचे नाते मानले जाई. ते नाते तुटू शकते हे त्या महिन्यात कागदावर आले.

दुसऱ्या बाजूने, ‘आपण सगळ्यांनी मिळून सोसू या’ या वाक्यातून ‘आपण सगळ्यांनी मिळून चूक केली’ हे वाक्य कधी तयार झाले ते कोणाला कळलेही नाही. वर्तमानपत्रांतून चैनीवर, परदेशवाऱ्यांवर, आयात वस्तूंच्या हौसेवर झोड उठली. शॅम्पेनची बाटली फार लवकर फोडली, अशी परदेशी टीका लोक स्वतःच्या तोंडाने म्हणू लागले. हान्बोला कर्ज देण्याच्या बैठकीत डोल-बांजी जपून ठेवणारी कोणतीही आई बसलेली नव्हती. तरी अपराधाची भावना तिच्या वाट्याला आली.

सोसण्याची वाटणीही सारखी नव्हती. १९९८मध्ये अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली. १९९७मध्ये २.६ टक्के असलेली बेकारी पुढच्या वर्षी ७ टक्क्यांवर गेली. उल्सानच्या मोटार कारखान्यात त्या उन्हाळ्यात कपातीविरुद्ध मोठा संप झाला. शेवटी तडजोडीत कपात झाली तेव्हा ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांत कॅन्टीनमध्ये जेवण रांधणाऱ्या बायकांचा मोठा भरणा होता. देशातल्या पाच बँका जून १९९८मध्ये एका दिवसात बंद करण्यात आल्या. बँका आणि वित्तसंस्था सावरायला पुढे १६० लाख कोटी वोनहून अधिक सार्वजनिक पैसा ओतावा लागला. ऑगस्ट १९९९मध्ये देवू हा बलाढ्य समूह कोसळला, आणि त्याच्या हिशोबवह्यांत प्रचंड फुगवटा असल्याचे सिद्ध झाले. अंगठीची पावती दशांश ग्रॅमपर्यंत अचूक, आणि समूहाचा ताळेबंद खोटा. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचते ते हे.

हिशोब मागणारे

आता ते दुसरे रूप.

१९९४मध्ये सोलमध्ये ‘छामयो-यॉन्दे’ ही नागरिक संघटना स्थापन झाली. नावाचा अर्थ सहभागासाठी एकजूट असा काढता येईल. तिच्यातले एक प्राध्यापक, कोरिया विद्यापीठाचे जांग हा-सुंग, एक निराळाच मार्ग घेऊन पुढे आले. त्यांचे म्हणणे असे की उद्योगसमूहांना जाब विचारायला मोर्चा पुरेसा नाही. भागधारक व्हा, सभेत बसा, ताळेबंद वाचा, कायद्याने विचारा.

हान्बोला कर्ज देणाऱ्यांत कोरिया फर्स्ट बँक आघाडीवर होती. जून १९९७मध्ये, म्हणजे सोन्याच्या रांगांच्या सहा महिने आधी, या बँकेच्या छोट्या भागधारकांनी एकत्र येऊन तिच्या माजी संचालकांवर दावा लावला. तुम्ही लाच घेऊन, धोका दिसत असूनही कर्ज दिले, बँकेचे नुकसान केले, ते स्वतःच्या खिशातून भरा, अशी मागणी होती. कोरियात असे आधी घडले नव्हते. वर्तमानपत्रांत याला अंगठ्यांच्या रांगेच्या शंभराव्या हिश्शाचीही जागा मिळाली नसेल.

१९९८च्या सुरुवातीला याच बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी केलेली एक ध्वनिचित्रफीत देशभर गाजली. ‘अश्रूंची चित्रफीत’ असेच तिचे नाव पडले. कपातीत जाणारे कर्मचारी शेवटच्या दिवसांतही काम करताना त्यात दिसतात आणि मागे राहणाऱ्यांना बँक सांभाळा म्हणून सांगतात. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्या कर्मचाऱ्यांची नोकरी का गेली, याचे उत्तर चित्रफितीत नव्हते. ते दाव्याच्या कागदांत होते.

मार्च १९९८मध्ये सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जांग हा-सुंग आणि त्यांचे सहकारी छोट्या भागधारकांची मुखत्यारपत्रे घेऊन गेले. एरवी तासाभरात टाळ्यांवर उरकणारी सभा तेरा तास चालली. एकेका व्यवहाराबद्दल प्रश्न विचारले गेले. सभेतल्या मतदानात ते हरलेच. पण त्या दिवसापासून कोरियातल्या कोणत्याही मोठ्या कंपनीच्या संचालकाला सभेला जाताना आकडे पाठ करून जावे लागू लागले.

नागरिक म्हणून अंगठी देणे सोपे होते असे मी अजिबात म्हणणार नाही. तरी ती देताना शेजारी, दूरदर्शन, पाळक, सगळे पाठीशी होते. सभेत तेरा तास उभे राहून प्रश्न विचारणाऱ्यांच्या पाठीशी कोणी नव्हते. देश संकटात असताना मोठ्या कंपन्यांच्या मागे लागू नका, परदेशी गुंतवणूकदार घाबरतील, असेच त्यांना ऐकावे लागले. आणि तरीही हे लोक रांगेतल्या लोकांचे विरोधक नव्हते. रांगेतला माणूस ज्या पावतीवर विश्वास ठेवून घरी गेला, तशीच पावती ते वरच्या मजल्यावर मागत होते.

काही बदलले. नोंदणीकृत कंपनीच्या संचालकांवर भागधारकांनी असा दावा करायचा तर पूर्वी १ टक्का भाग हाताशी असावे लागत. मोठ्या कंपनीत सामान्य माणसांना ते जमवणे जवळपास अशक्य. १९९८मध्ये ही मर्यादा ०.०१ टक्क्यावर आणली गेली.

त्याच वर्षी २४ जुलैला सोलच्या न्यायालयाने कोरिया फर्स्ट बँकेच्या चार माजी पदाधिकाऱ्यांना ४,००० कोटी वोन भरण्याचा आदेश दिला. अपिलात ती रक्कम पुढे पुष्कळच कमी झाली, पण संचालक जबाबदार आहेत हे तत्त्व २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकले. दावा लावणाऱ्या भागधारकांना यातला एक वोनही मिळणार नव्हता. अशा दाव्यात वसुली होते ती कंपनीसाठी. पैसे बँकेच्या तिजोरीत जमा व्हायचे होते.